तेरा मार्चची सही

३ फेब्रुवारी २०१४, सोमवार

चित्रातले हात पुन्हा हातमोज्यांसारखे झाले! चौथ्यांदा खरवडले.

चेहरा जमलाय. कपाळ, चष्मा, ती जराशी वाकडी हनुवटी — सगळं. मनगटाच्या खाली आलं की डॉक्टर गेर्बचा कापडदुकानातला पुतळा होतो. एकेचाळीस वर्षं माणसांचे हात-पाय उघडून पाहिले. कातडीखाली कुठे काय आहे ते झोपेत विचारा, सांगेन. वरची कातडी मात्र रंगवता येत नाही.

बुरुल चहा घेऊन आली. बघत उभी राहिली.

"ह्यांना संधिवात होता का हो?"

"नव्हता."

"मग तुम्ही दिलात."

बायको छत्तीस वर्षं गणिताची मास्तरीण होती. उत्तर चुकलं की पोराला तोंडावर सांगायचं, ही सवय गेली नाही. शिवाय तिचं उन्हाळी स्वयंपाकघर मी बळकावलंय, तिच्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या पलंगाखाली गेल्यात. टर्पेंटाइनचा वास तळलेल्या बोर्सोकना लागतो म्हणते. लागतो खरा.

मे महिन्यात इस्पितळाला ऐंशी वर्षं होतील. इल्गिझनं — आताचा मुख्य डॉक्टर, एकेकाळी माझ्याच हाताखाली टाके घालायला शिकलेला — दोन कामं गळ्यात बांधली. दालनात लावायला गेर्बचं तैलचित्र. आणि इस्पितळाचा इतिहास. मला थोरला भाऊ मानून बाइके म्हणतो. "बाइके, तुम्ही आता रिटायर. तुम्हाला दुसरं काय आहे?"

दुसरं काही नाही. म्हणूनच नीट करायचंय.

५ फेब्रुवारी

बर्फ. इतिहासातलं १९४१ साल लिहून संपलं. हात तसेच.

६ फेब्रुवारी

बुरुलला प्रकरण वाचून दाखवलं. ती मध्येच थांबवून म्हणाली, "'छेद घेण्यात आला.' कुणी घेतला?"

"अगं, रिपोर्टात असंच लिहितात."

"हा रिपोर्ट नाहीये. 'रुग्ण हलवण्यात आला', 'रक्तस्राव थांबवण्यात आला' — तुमच्या इस्पितळात माणसं नव्हती का? भुतं कामं करायची?"

राग आला. मग पुन्हा वाचलं. चौदा पानांत एकही माणूस काही करत नाही. सगळं आपोआप होतंय! उद्यापासून प्रत्येक वाक्याला विचारायचं — कुणी?

९ फेब्रुवारी

आज जरा गंमत. चौथ्या प्रकरणात माझाच जन्म येतो.

ही गोष्ट गावात कुणालाही विचारा. १९४६चा मार्च, खिंड बर्फानं बंद, माझी आई दोन दिवस अडलेली. मी पोटात आडवा. डॉक्टर गेर्बनं — हद्दपार जर्मन, व्होल्गाकाठचा, गावाबाहेर पाऊल टाकायचं तरी कमांडंटचा कागद लागणारा — एका कंदिलाच्या उजेडात आईचं पोट उघडलं आणि मला काढलं. आई आणि मूल दोघं जगले. आमच्या खोऱ्यातलं पहिलं सिझर. आजीनं वार बघितला, बुधवार, आणि वारावरूनच माझं नाव शारशेन ठेवलं.

शाळेत मला 'गेर्बच्या सुरीचं पोर' म्हणायचे. मी सर्जन झालो तो या एका गोष्टीपायी. फ्रुंझेला वैद्यकीय कॉलेजच्या मुलाखतीत हीच सांगितली होती, परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गेर्ब मी लहान असतानाच वारले होते. मला त्यांच्या हाताला कधी स्पर्शही करता आला नाही.

आजीच्या मांडीवर बसून ऐकावी तशी ही गोष्ट मी अडुसष्ट वर्षं ऐकतोय. आता लिहायची आहे. कुणी? गेर्बनं! इथे तरी अडायला नको.

१७ फेब्रुवारी

अडलं.

जुनी कागदपत्रं इस्पितळाच्या धोबीखान्यावरच्या माळ्यावर पोत्यांत आहेत. आठवडाभर तिथेच बसतोय, लोकरी टोपी घालून, नाकातोंडात धूळ. आज १९४६चं ऑपरेशन रजिस्टर सापडलं. तेरा मार्च. माझ्या आईचं नाव. खाली गेर्बची सही. ओळीवरून बोट फिरवलं — आपल्याच जन्माला हात लावल्यासारखं.

मग सर्जनची नजर लागली. एक मार्चची ओळ आणि बावीस मार्चची ओळ, मध्ये ही दाटीवाटीनं कोंबलेली. शाई वेगळी. वरखालच्या ओळी कंपाउंडरच्या हातच्या, ही गेर्बच्या.

त्याच पोत्यात कमांडंट कचेरीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. हद्दपारांच्या हजेऱ्या. 'गेर्ब आ. का., चौकशीसाठी प्रांताच्या ठाण्यात नेले, २ मार्च १९४६. परत सोडले, २१ मार्च.'

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

तेरा तारखेला गेर्ब गावात नव्हता. एकशे ऐंशी किलोमीटरवर कोठडीत होता.

१८ फेब्रुवारी

मग मला कुणी काढलं?

२३ फेब्रुवारी

आधी वाटलं, माझाच जन्मदिवस चुकीचा असेल. पण माझं नाव साक्ष देतंय — बुधवार. सेहेचाळीसचं कॅलेंडर मांडलं, बुरुलनं ते तोंडी करून दाखवलं. तेरा मार्च, बुधवार. चूक नाही.

मग पगारपत्रकावरून तेव्हाची माणसं काढली. गेर्ब. एक कंपाउंडर — उजवा हात युद्धात गेलेला, डाव्यानं लिहायचा, म्हणजे सुरी त्याची नाही. एक नर्स, त्या हिवाळ्यात टायफसनं झोपलेली. दोन आया. एक एकावन्न साली वारली.

"दुसरी?" बुरुलनं विचारलं.

दुसरी कुलिपा.

  कुलिपा आपा! खालच्या आळीतली. माझ्या थिएटरची फडकी धुणारी. ती हत्यारं उकळायची, फरशी पुसायची. नव्वद साली रिटायर झाली तेव्हा मीच तिला समोवार भेट दिला होता, दोन मिनिटांचं भाषण ठोकून. भाषणात म्हणालो होतो, "अशा साध्या हातांवर इस्पितळ उभं असतं."



१ मार्च

गेलो. कुलिपा आपा अठ्ठ्याऐंशीची. खिडकीशी बसून लोकर विंचरत होती. डावा कान गेलाय, जीभ शाबूत आहे.

"ये रे शारशेन. जाडा झालास. बुरुल खायला घालते वाटतं अजून."

शेजारची आसिलकान एजे — थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो — आत चूल सारखी करत होती. तीही सत्तरीची. रोज सकाळी कुलिपाला दूध आणते, सरपण फोडून देते. मला साय आणि नान वाढलं, आणि गेली.

मी रजिस्टरची गोष्ट काढली. चिठ्ठीची काढली. कुलिपाचा हात लोकरीत थांबला नाही.

"गेर्बनं कापलं," ती म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे. तूच तर सांगत फिरलास जन्मभर."

"गेर्ब तेव्हा इथं नव्हते आपा."

"मग असेल कुठेतरी. मी फडकी धूत होते."

"आपा —"

"साय खा. आंबेल."

९ मार्च

आज पुन्हा. काल बायकांचा सण झाला म्हणून फुलं घेऊन गेलो. मला बघून म्हणाली, "ह्या वयात फुलं! बुरुलला माहीत आहे का?"  मग आपणच —

"तुझी आई गेली तेव्हा मीच तिला धुतलं, बायकांच्या बरोबर. पोटावरचा व्रण बघितला. वाकडे पडले होते टाके. बेचाळीस वर्षांनी बघितले. वाटलं, आता कुणी विचारलं तर काय सांगू, इतके वाकडे का."

 पेशंट बोलायला लागला की मध्ये बोलायचं नसतं.

तिनं सांगितलं. नर्सला रक्त बघून घेरी यायची, म्हणून गेर्ब हिलाच हत्यारं द्यायला उभी करायचा. पोट उघडताना तिनं चार वेळा पाहिलं होतं. माझ्या आईला स्लेजवर घालून आणलं ते सकाळी. बाप उंबऱ्यात बसून राहिला. कंपाउंडर म्हणाला, हात असता तर मी कापलं असतं. ही म्हणाली, हात माझ्याकडे आहेत. वीस वर्षांची! कंपाउंडरनं डाव्या हातानं ईथरचे थेंब सोडले आणि तोंडानं सांगत गेला.

"तुझा पाय हाताला लागला आधी," ती म्हणाली, आणि लोकरीच्या ढिगात हात घालून दाखवला. बोटं जुळलेली, अंगठा आत दुमडलेला, मनगट जरा वळवून.

मी तो हात बघत राहिलो. ऐकीव माहितीवर असा हात कुणी करत नाही. हे ज्याच्या हातानं केलंय त्यालाच येतं. मला शिकायला दोन वर्षं लागली होती.

"गेर्ब परत आला तेव्हा तुझी आई उठून बसत होती. त्यानं जखम पाहिली. टाके काढले. मग मला बाजूला बोलावलं. मी म्हटलं आता तुरुंग. तो म्हणाला, कुलिपा, हे मी केलं. तू फडकी धूत होतीस. कुणीही विचारलं, कधीही विचारलं, तू फडकीच धूत होतीस. आणि वहीत लिहून सही केली."

त्या सहीचा अर्थ मला घरी येताना वाटेत, पुलावर कळला. कोठडीत असलेल्या माणसानं, मी त्या दिवशी इस्पितळात होतो, असं लिहून दिलं! हद्दपार जर्मनानं! दोन कागद कुणी शेजारी ठेवले असते तर तो संपला असता. अडुसष्ट वर्षं कुणी ठेवले नाहीत. मी ठेवले.

आई दर वसंतात पहिलं लोणी कुलिपाकडे पाठवायची. मीच नेऊन द्यायचो. कधी विचारलं नाही, का.

१३ मार्च

अडुसष्ट पूर्ण. बुरुलनं पुलाव केला. माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

१६ मार्च

लिहून टाकतो, नाहीतर लिहिणार नाही.

१९७९. घोड्यावरून पडलेला माणूस, पोटात रक्त. मी प्लीहा बांधली, तरी भरतच होतं. मागे कुलिपा बादली घेऊन उभी. म्हणाली, "डॉक्टर, मागच्या बाजूनं येतंय." सगळ्यांसमोर मी ओरडलो, "आयांनी फरशी बघावी!" बाहेर घालवलं तिला.

दोन मिनिटांनी मागच्या बाजूलाच सापडलं.

माणूस जगला. मी तिला काही म्हणालो नाही. त्यानंतर अकरा वर्षं ती त्या थिएटरात होती. एकदाही तोंड उघडलं नाही.

मला जन्माला घालणाऱ्या हाताला मी फरशी बघ म्हणालो होतो.

२२ मार्च

काल नोरूझ, नव्या वर्षाचा सण. कुलिपाला सुमोलोक, सणाची गव्हाच्या अंकुरांची खीर, नेऊन दिलं, आणि विचारलं — हात काढू का तुझे? रंगानं.

"काढ. फुकटचे आहेत."

दोन तास बसली. नखं दगडी झालेली, करंगळी वाकडी, सोड्यानं भाजलेले जुने डाग. मी सोबत नेलेली शरीरशास्त्राची वही उघडलीच नाही. फक्त जे दिसतं ते रंगवत गेलो. आणि जमलं! पहिल्यांदा! ते हात कॅनव्हासवर जिवंत बसलेत.

आनंदाच्या भरात बोलून गेलो, "आपा, पुस्तकात सगळं लिहिणार. मे महिन्यात सगळं गाव ऐकेल."

तिनं दोन्ही हात शालीखाली घेतले.

"नाही."

"आता कसली भीती? कमांडंट मेला, ते राज्यही गेलं."

"राज्याला मी घाबरत नाही."

मग दाराकडे बघून, आवाज उतरवून तिनं सांगितलं. चार वर्षांनी, पन्नास सालच्या जूनमध्ये, तिनं आणखी एकदा सुरी धरली. गेर्ब वर उन्हाळी कुरणांवर लस टोचायला गेलेला. वरच्या वाडीतून बोलावणं आलं, बाई अडली आहे, रक्त जातंय. निरोप दुपारी निघाला होता, हिला मिळाला उन्हं उतरताना. पोचली तेव्हा गादी भिजून सतरंजीपर्यंत आलं होतं. तरी तिनं कापलं. मूल गेलेलं होतं. बाई तिच्या हातांत गेली.

"कोण बाई, आपा?"

"आसिलकानची आई."

बाहेर आसिलकान एजे अंगणात सरपण फोडत होती. आवाज येत होता.

"ती सात वर्षांची होती," कुलिपा म्हणाली. "तिला सांगितलं, ताप आला. रोज माझ्यासाठी दूध आणते ती, शारशेन. चाळीस वर्षं झाली. माझं नाव निघालं की लोक विचारतील, आणखी कुणाला कापलं? मी खोटं बोलू? त्या दुधावर?"

२३ मार्च

ज्याचं लिहायचं त्याचं हातचं न राखता लिहावं, नाहीतर लिहूच नये. इतके दिवस हेच म्हणत आलो. आज दिवसभर पान कोरं.

६ एप्रिल

बुरुलशी भांडण. मी म्हणालो, इतिहास आहे हा. एका बाईचं नाव पुसलं गेलंय, ते मला माहीत आहे, आणि मी लिहू नये? मग माझ्यात आणि खोट्या रजिस्टरात फरक काय?

ती पीठ मळत होती. मळतच राहिली.

"तुम्ही सर्जन होतात तेव्हा पेशंटला न विचारता पोट उघडायचात?"

"नाही."

"तिनं नाही म्हटलंय."

"पण तिच्या भल्यासाठी —"

"सगळे असंच म्हणतात, टेबलावर घेईपर्यंत."

पीठ झाकून ती बाहेर निघून गेली.  

१२ एप्रिल

जर्दाळू फुलले. चौथं प्रकरण असं लिहिलं: 'तेरा मार्चच्या नोंदीवर डॉ. गेर्ब यांची सही आहे. त्या दिवशी ते गावात नव्हते. ऑपरेशन दुसऱ्या कुणीतरी केलं. कुणी, ते लेखकाला ठाऊक आहे. सांगण्याची परवानगी नाही.'

बुरुलनं वाचलं. "'कुणी' आलं," म्हणाली. बस एवढंच. तिचं कौतुक एवढंच असतं.

१५ एप्रिल

इल्गिझनं तो परिच्छेद लाल पेन्सिलीनं कापला! माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत.

"बाइके, हे काय? सोहळ्याला मंत्रालयाची माणसं येणार. गेर्बची सुरी आपल्या पत्रिकेवर छापलीय. तुम्हीच त्या गोष्टीचं पोर, आणि तुम्हीच गोष्ट मोडणार?"

"मोडत नाही. दुरुस्त करतोय."

"लोकांना गोष्ट हवी असते, दुरुस्ती नको. आणि अर्धवट तर त्याहून नको. नाव सांगा, नाहीतर ओळ काढा."

पोरगा टाके छान घालतो. कापतोही छान. ओळ काढली त्यानं. मी प्रत परत मागितली नाही. थकलो होतो, हे कारण नव्हे. भ्यालो — आवाज चढवला असता तर नाव तोंडातून निसटलं असतं.

२७ एप्रिल

चित्र पुरं झालं.

गेर्बच्या हातात मी सुरी देणार होतो, सगळ्यांना तीच हवी होती. खरवडली. आता तो टेबलाशी बसलाय, पुढ्यात वही, हातात टाक. पाठीमागच्या खिडकीत पहाटेचा बर्फ. हात आपोआप आले. लिहिणाऱ्या माणसाचे हात — जरासे थिजलेले, पेरं पांढरी. भीती वाटत असताना सही करणाऱ्याचे.

बुरुल चित्रातल्या हातांपाशी वाकली. म्हणाली, "ह्यांना संधिवात नाही."

कुलिपाच्या हातांचं चित्र वेगळं ठेवलंय, कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून.

२४ मे

सोहळा झाला. थोडक्यात लिहितो.

अंगणात खुर्च्या, पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे पुढच्या रांगेत, मंत्रालयाचे दोघं घड्याळं बघत. पडदा सरकला.  मग कुणीतरी मागून, "सुरी कुठंय?" हशा.

इल्गिझनं माइक घेतला. "आणि आता, ज्यांना या हातांनी जगात आणलं ते आपले शारशेन बाइके!" टाळ्या. लोक उठून उभे राहिले. कुलिपा आपा तिसऱ्या रांगेत, आसिलकान एजेनं हाताला धरून आणलेली.

हातात भाषणाचा कागद होता. तीन पानं. वर बघितलं आणि तोंडातून निघालं, "नाही."

माइकनं ते मोठं करून भिंतीपर्यंत नेलं. मी म्हणालो — शब्द नीट आठवत नाहीत — या हातांनी मला नाही काढलं. मला काढणारं माणूस दुसरं होतं. त्याला शिक्षण नव्हतं, परवाना नव्हता, पकडलं असतं तर तुरुंग होता. तरी त्यानं हात घातला. आणि हा डॉक्टर कोठडीतून सुटून आला, त्यानं ती जखम पाहिली आणि तिच्यावर आपलं नाव लिहिलं. सुरी धरणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. मीही एक. अशी सही करणारा दुसरा मला ठाऊक नाही. म्हणून सुरी रंगवली नाही.

"कोण होतं ते?" पुढून कुणी ओरडलं.

"ते सांगायचं नाही असं ठरलंय."

टाळ्या वाजल्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं थुंकल्यासारखं केलं. इल्गिझनं घाईघाईनं बँड सुरू करवला. माझ्या शेजारून जाताना मात्र तो हळूच म्हणाला, "बाइके, तुम्ही मला मारलंत. पण पुढच्या आवृत्तीत ओळ परत घालू." काय म्हणावं या पोराला!

जेवणाच्या वेळी कुलिपानं बोलावलं. वाकून कान जवळ नेला.

"मूर्ख आहेस."

"हो आपा."

"जरा मोठ्यानं बोलायचं होतंस. डावा कान तुझ्याकडे होता, अर्धं ऐकू आलं नाही."

आणि माझा हात धरला. हातावर हात ठेवून नुसती बसून राहिली, गोश्त गार होईपर्यंत. एकोणऐंशी सालची गोष्ट मी तेव्हा काढली. माफी मागितली. ती म्हणाली, "कुठली? तू तर रोजच ओरडायचास."

आज बरं वाटतंय. पुष्कळ महिन्यांनी. वाटतंय, खरं तेवढं सगळं सांगून झालं आणि कुणाचं काही मोडलंही नाही.

२५ मे

सकाळी आसिलकान एजे दाराशी. हातात दुधाची रिकामी बरणी, म्हणजे कुलिपाकडे देऊन आली होती. आत येईना. उंबऱ्यापाशीच बोलली.

"डॉक्टर, ते माणूस कोण ते मला माहीत आहे. माझ्या आईलाही तिनंच कापलं. धोबीखान्यातल्या बायका बोलल्या होत्या, फार वर्षांपूर्वी. मी तिला कळू दिलं नाही. तुम्हीही देऊ नका."

मी बस म्हणालो. बसली नाही.

"बोलावण्याची चिठ्ठी माझ्याजवळच दिली होती, डॉक्टर, मला वाचता यायची नाही. बापानं मला पळत पाठवलं होतं. वाटेत लग्न लागत होतं. साखरेच्या गोळ्या उधळत होते. युद्धानंतरचे दिवस, मी गोळी चाखलीही नव्हती. वेचत बसले. ओचा भरला. मग घोड्यांच्या शर्यती निघाल्या, त्या बघितल्या. उन्हं उतरली तेव्हा आठवण झाली, चिठ्ठी इस्पितळाच्या दारात कंपाउंडरला दिली." तिनं बरणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही पोटं उघडलीत जन्मभर. तुम्हाला ठाऊक असेल. मी सरळ गेले असते, तर ती वाचली असती का?"

गादीतून सतरंजीपर्यंत. दुपार ते उन्हं उतरेपर्यंत. हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला — एकेचाळीस वर्षांची सवय.

"नाही," मी म्हणालो. लगेच, न चाचरता. "नसती वाचली, एजे. ती सकाळीच गेल्यात जमा होती."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग गेली.

खरं उत्तर काय ते या वहीतही लिहीत नाही.